फॅमिली? व्हेज? आडनाव?

फ्लॅट भाड्याने देणे आहे अशी जाहिरात टाकली की तासाभरात फोन सुरू होतात, आणि नवा घरमालक तीन प्रश्नांत परीक्षा उरकतो. फॅमिली का बॅचलर? व्हेज का नॉनव्हेज? आणि मग जरा आवाज खाली आणून, आडनाव काय म्हणालात? या तिसऱ्या उत्तरावर अनेकांची गाडी अडते. ‘घरच्यांशी बोलून कळवतो’ असं म्हणून फोन ठेवला जातो. पुढे कुणी कुणाला कळवत नाही.

घरमालकाला खरं तर तीनच गोष्टी कळायला हव्यात. हा माणूस दर महिन्याला वेळेवर भाडं देईल का, घर नीट वापरेल का, आणि मुदत संपली की किल्ली हातात ठेवेल का. वरच्या तीन प्रश्नांनी यातलं एकही कळत नाही. पंचवीस हजारांचं भाडं मटण खाणाऱ्याच्या खात्यातून येतं तसंच वरणभात खाणाऱ्याच्या खात्यातून येतं. आडनावाने तर कुणाचं भाडं बुडालेलं नाही आणि कुणाचं वसूलही झालेलं नाही.

मालकाची धास्ती मात्र खरी आहे, आणि ती मला कळते. वाकड, खराडी, वाघोली, पनवेल, डोंबिवली, कुठेही बघा, हा नवा घरमालक काही जहागीरदार नसतो. नोकरीतली पुंजी आणि वीस वर्षांचं कर्ज घालून त्याने दुसरा फ्लॅट घेतलेला असतो. हप्ता चाळीस हजारांचा आणि भाडं पंचवीस हजारांचं, म्हणजे पंधरा हजारांचा खड्डा तो आधीच भरत असतो. त्यात दोन महिने भाडं थकलं तर मुलाच्या फीला हात घालावा लागतो. ‘तुमच्याकडे दोन-दोन घरं आहेत, तुम्हाला काय कमी’ असं त्याला म्हणणाऱ्यांनी त्याचं पासबुक पाहिलेलं नसतं.

शिवाय या धास्तीला मोठा इतिहास आहे. १९४७चा मुंबई भाडे कायदा आला आणि शहरातली भाडी १ सप्टेंबर १९४०च्या पातळीला बांधली गेली. युद्धानंतरच्या टंचाईत भाडेकरूला संरक्षण हवंच होतं. पण तात्पुरता म्हणून आणलेला तो कायदा मुदतवाढ घेत घेत पन्नास वर्षं चालला. गिरगावातल्या चाळी आणि पुण्यातले पेठांमधले वाडे दुरुस्तीअभावी खचले, कारण येणाऱ्या भाड्यात कौलं बदलणंही होईना. मालकांनी ‘लिव्ह अँड लायसन्स’ची वाट शोधली, तर १९७३च्या दुरुस्तीने १ फेब्रुवारी १९७३ला जागेत असलेल्या लायसन्सधारकांना भाडेकरू ठरवून टाकलं. ज्यांनी विश्वासाने जागा दिली होती त्यांची घरं गेली. त्या पिढीने पुढच्या पिढीला एकच सांगितलं, बाबा, घर रिकामं ठेव पण भाड्याने देऊ नकोस. २०११च्या जनगणनेत देशाच्या शहरी भागात सुमारे १ कोटी ११ लाख घरं रिकामी आढळली. त्यातली सगळीच काही या भीतीपायी रिकामी नव्हती, पण ही भीती त्यात आहेच.

ती भीती ज्या कायद्याने दिली, तो कायदा आज नाही. ३१ मार्च २०००पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ लागू आहे आणि त्याचं कलम २४ घरमालकाने एकदा तरी वाचावं. लायसन्सची मुदत संपल्यावर जागा सोडली नाही तर मालकाला थेट सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो, आणि ताबा मिळेपर्यंत दुप्पट दराने भरपाई मागता येते. लेखी करारात जे लिहिलंय ते तिथे निर्णायक पुरावा धरलं जातं. म्हणजे मालकाची ढाल कागदात आहे. भाडेकरूच्या जातीत किंवा ताटात ती शोधत बसण्याची गरजच उरलेली नाही.

आणि नेमका हाच कागद आपला माणूस करत नाही! आडनावाची खोलात जाऊन चौकशी करणारा मालक कराराच्या वेळी म्हणतो, ‘अकरा महिन्यांचा आहे, नोंदणी कशाला? नोटरी करून टाकू.’ महाराष्ट्रात हे चालत नाही. कलम ५५प्रमाणे करार लेखीच हवा आणि मुदत कितीही असो, नोंदलेलाच हवा. नोंदणीची जबाबदारी मालकाची. न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्याहून मोठा फटका पुढे आहे. असा नोंदलेला लेखी करार नसेल तर अटी काय ठरल्या होत्या याबद्दल भाडेकरू सांगेल ते धरलं जातं, आणि ते खोटं आहे हे सिद्ध करायचं ओझं मालकावर येतं. ‘माणूस आपल्यातला आहे, त्याच्याशी कसला करार’ म्हणणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं.

खर्च तरी किती? पंचवीस हजार भाडं, एक लाख परतीचं डिपॉझिट, अकरा महिने. मुद्रांक शुल्क एकूण भाड्यावर आणि डिपॉझिटच्या वार्षिक दहा टक्क्यांवर, पाव टक्का. आकडा सातशे-साडेसातशेच्या आसपास येतो. महापालिका हद्दीत नोंदणी फी एक हजार. वर थोडंफार किरकोळ आणि एजंटची मजुरी. यापेक्षा जास्त पैसे आपण फ्लॅटच्या वास्तुशांतीत फुलांवर घालवतो.

आता तर दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात रांग लावायचीही गरज नाही. एजंट लॅपटॉप, वेबकॅम आणि अंगठ्याचं यंत्र पिशवीत घालून घरी येतो. मालक, भाडेकरू आणि साक्षीदार डायनिंग टेबलाभोवती बसतात. साठी ओलांडलेल्या मालकाचा अंगठा पहिल्या झटक्यात जुळत नाही, मग ओल्या फडक्याला बोट पुसायचं, पुन्हा टेकवायचं, तर्जनी लावून बघायची. सगळ्यांचं लक्ष त्या लाल दिव्याकडे. या गडबडीत मसुदा कुणीच वाचत नाही, आणि पुढची सगळी भांडणं त्याच मसुद्यात असतात. लॉक-इन किती महिन्यांचा? नोटीस एक महिन्याची का दोन? मेंटेनन्स कुणी भरायचा? घर सोडताना रंगकामाचे पैसे कापणार का, आणि किती? डिपॉझिट किल्ली देताच परत का नंतर सवडीने? गीझर, पंखे, नळ, कपाटांच्या किल्ल्या यांची यादी जोडा. वीजमीटरचा आकडा त्या दिवशीच्या फोटोसकट ठेवा. बाथरूममधली फुटकी फरशी आधीपासून फुटकी आहे हे लिहून ठेवा, ते दोघांच्याही भल्याचं आहे. अंगठा जुळेपर्यंत पंधरा मिनिटं मिळतात, तेवढ्यात हे सगळं मोठ्याने वाचून होतं.

मग भाडेकरू पारखायचा तरी कसा? पारखायचा, जरूर पारखायचा. हातातल्या पगाराच्या एक तृतीयांशापर्यंत भाडं असेल तर माणसाची ओढाताण होत नाही, हा साधा हिशेब. नोकरदाराकडून तीन महिन्यांची सॅलरी स्लिप मागा. ज्याला स्लिप नाही, रिक्षा चालवतो, फ्रीलान्स काम करतो, छोटा केटरर आहे, त्याला दारातून परतवू नका. त्याच्या बँक स्टेटमेंटमध्ये आधीच्या मालकाला दरमहा गेलेलं भाडं दिसेल, बाकीच्या ओळी त्याने खुशाल झाकाव्यात. दीड वर्ष दर महिन्याच्या पाच तारखेच्या आत भाडं गेलेलं दिसलं, तर त्याच्याइतकं चोख प्रशस्तिपत्र कुठलं? विद्यार्थी असेल तर पालकांशी बोला, त्यांची लेखी हमी घ्या.

आधीच्या मालकाला फोन करा, पण जरा डोकं वापरून. आत्ताच्या मालकाला जर हा भाडेकरू डोईजड झाला असेल तर तो त्याची तोंड भरून स्तुती करेल, कारण त्याला ब्याद टाळायची असते. त्याच्या आधीच्या मालकाला गाठा. त्याचा आता काही संबंध उरलेला नसतो, म्हणून तो खरं बोलतो. विचारायचं एकच, पुन्हा घर द्याल का यांना? उत्तर चटकन आलं तर झालं. ‘तशी माणसं चांगली आहेत हो, पण...’ असं सुरू झालं तर त्या ‘पण’च्या पुढचं नीट ऐका.

पोलिसांना भाडेकरूची माहिती द्या. मुंबई-पुण्यात पोलीस आयुक्तांचे तसे आदेश निघतात, ऑनलाइन अर्ज भरता येतो, न भरल्यास गुन्हा दाखल होऊ शकतो. मात्र तो अर्ज भरला म्हणजे भाडेकरू सज्जन असल्याचा दाखला मिळाला अशी समजूत करून घेऊ नका. आपण पोलिसांना माहिती दिली, एवढाच त्याचा अर्थ.

आणि भाडेकरूचे कागद सांभाळा. दहा घरं बघणाऱ्या मुलीचं आधार कार्ड दहा एजंटांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर पडून राहतं, हे आपल्याला साधं गैरही वाटत नाही. घर पसंत पडेपर्यंत कुणाचं कार्ड मागूच नये. तोवर पाहायचंच असेल तर मास्क्ड आधार मागा, त्यात शेवटचे चार आकडेच दिसतात. प्रतीवर ‘फक्त भाडेकरारासाठी’ असं लिहून तारीख टाकू द्या. सोसायटीच्या ग्रुपवर तर ते कार्ड टाकायचं कामच नाही.

इतकं सांगितल्यावर कुणी म्हणेल, आमच्या तीन प्रश्नांनी निदान चोर तरी बाहेर राहतात. उलट आहे. चोराला ते तीन प्रश्न पाठ असतात. नव्या घरमालकांना लुबाडायचा एक प्रकार गेली काही वर्षं राजरोस चालू आहे. जाहिरात पाहून फोन येतो. बोलणं अदबीचं, हिंदी शुद्ध. लष्करात किंवा निमलष्करी दलात आहे म्हणतो, पुण्याला बदली झालीय म्हणतो. बायको आणि एक लहान मुलगी, शुद्ध शाकाहारी, दारू-सिगारेट नाही. घर न बघताच पसंत, भाड्यात घासाघीस नाही. पाठोपाठ व्हॉट्सअ‍ॅपवर गणवेशातला फोटो, ओळखपत्र, आधार, सगळं चोरलेलं किंवा बनावट. मालक खूश, असा भाडेकरू शोधून सापडत नाही! मग तो म्हणतो, डिपॉझिट आमच्या अकाउंट्स विभागाकडून येईल, त्यांची पद्धत जरा वेगळी आहे, क्यूआर कोड पाठवलाय तो स्कॅन करा आणि पिन टाका. मालक स्कॅन करतो आणि पैसे येण्याऐवजी जातात. ‘चुकून झालं, परत करतो, पुन्हा एकदा स्कॅन करा,’ असं म्हणत खातं धुऊन नेलं जातं.

यूपीआयने पैसे घेताना कधीही पिन टाकावा लागत नाही, हे वाक्य घरातल्या ज्येष्ठांना आजच सांगून ठेवा. पण त्या भामट्याने काय वापरलं तेही बघा. फॅमिली, व्हेज, प्रतिष्ठेची सरकारी नोकरी. आपल्या पूर्वग्रहांची यादी त्याने आपल्याला जशीच्या तशी वाचून दाखवली आणि आपण दार उघडलं. प्रत्यक्ष भेटल्याशिवाय आणि कागद तपासल्याशिवाय पुढे जायचं नाही, एवढा साधा नियम पाळला असता तर तो पहिल्या फोनलाच अडला असता.

आता त्या तिसऱ्या प्रश्नाबद्दल स्पष्टच बोलू. सप्टेंबर १९१७मध्ये अमेरिका आणि इंग्लंडमधून शिकून आलेला एक तरुण बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू व्हायला गेला. त्याला राहायला जागा मिळेना. पारशी पथिकाश्रमात पारशी नाव सांगून तो राहिला. जात कळल्यावर काठ्या घेतलेला पारशांचा जमाव दारात आला आणि त्याला बाहेर काढलं. एका हिंदू मित्राकडे विचारलं, एका ख्रिस्ती मित्राकडे विचारलं, दोघांकडेही सोय झाली नाही. मुंबईची गाडी रात्री होती. तोवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर बडोद्याच्या कामाठी बागेत बसून राहिले. शिक्षण, पगार, वर्तन, कशातही कमी नव्हती. चाळणीचं भोकच आडनावाच्या मापाचं होतं.

शंभर वर्षांनी काही बदललं का, हे सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली आणि भोवतालच्या शहरांत तपासलं. तो अभ्यास २०१५मध्ये ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त आला. भाड्याचं घर मागणारे फोन केले, फरक फक्त नावातून कळणाऱ्या ओळखीचा. उच्चवर्णीय हिंदू नावाला फोनवर जवळपास सगळीकडे होकार आला. दलित नावाला सुमारे १८ टक्के, मुस्लिम नावाला सुमारे ३१ टक्के ठिकाणी सरळ नकार. ज्यांनी होकार दिला त्यांतल्याही अनेकांनी एक तर भाडं वाढवलं, नाही तर अटी वाढवल्या. ते दिल्लीचं आहे, आपल्याकडे तसं नाही, असं म्हणायची सोय आपल्याला नाही. लातूर-नांदेडहून स्पर्धा परीक्षेसाठी आलेल्या मुलांना सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर खोली शोधताना काय काय विचारलं जातं, ते त्यांनाच विचारा.

घर माझं, मी कुणालाही देईन, हे उत्तर नेहमी तयार असतं. पण अस्पृश्यतेच्या कारणावरून कुणाला कोणत्याही वस्तीत राहायची जागा घ्यायला किंवा वापरायला आडकाठी करणं हा नागरी हक्क संरक्षण अधिनियम, १९५५च्या कलम ४खाली गुन्हा आहे. एक ते सहा महिने कैद आणि दंड. फोनवर ‘कळवतो’ म्हणणाऱ्यावर तो सिद्ध करणं अवघड, हे खरं. म्हणून तर हा नकार नेहमी ‘घरच्यांशी बोलतो’च्या आडून येतो. सरळ सांगायची हिंमत होत नाही, कारण आपण काय करतोय हे सांगणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं.

एकट्या बाईला घर देताना तर आपण मालक राहतच नाही, रेक्टर होतो. रात्री किती वाजता येता? कोण भेटायला येतं? आईवडिलांना माहिती आहे ना? पस्तिशीची, स्वतःच्या पगारावर घर चालवणारी बाई हे सगळं मान खाली घालून ऐकते, कारण ही चौथी इमारत असते आणि आधीची खोली महिनाअखेर सोडायची असते. गोंगाट नको असेल तर दहानंतर गोंगाट नको असं करारात लिहा, आणि तीच अट चार जणांच्या कुटुंबालाही लावा. बॅचलर घराची वाट लावतात म्हणता? डिपॉझिट त्यासाठीच असतं, यादी त्यासाठीच जोडायची असते.

आणि शेवटचा अडसर सोसायटी. मालक समजूतदार निघाला तरी कमिटी म्हणते, आधी भाडेकरूला मीटिंगला पाठवा, आम्ही बघतो आणि मग एनओसी देतो. फ्लॅट भाड्याने द्यायला सोसायटीची परवानगी लागत नाही. आदर्श उपविधींप्रमाणे सभासदाने आगाऊ कळवायचं आणि कराराची व पोलिसांना दिलेल्या माहितीची प्रत द्यायची, बस. मालक स्वतः राहत नाही म्हणून लावलं जाणारं बिनभोगवटा शुल्कही सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. शासनाचा १ ऑगस्ट २००१चा तसा आदेश आहे आणि मुंबई उच्च न्यायालयाने तो उचलून धरला आहे. ‘आमच्या बिल्डिंगमध्ये बॅचलर चालत नाहीत’, ‘त्यांच्यातले नकोत’ असं सेक्रेटरी जिन्यात गाठून सांगतील. तेव्हा वाद घालत बसू नका. सोसायटीच्या पत्रकावर, सही-शिक्क्यासह, कोणत्या उपविधीखाली नकार देताय ते लिहून द्या, एवढंच म्हणा, आणि त्या मागणीची पोच घ्या. तसा कागद द्यायला कमिटीतलं कुणी पुढे येत नाही. आठवडाभर वाट बघा आणि भाडेकरूला ठरल्या तारखेला सामान आणायला सांगा.